भोपळा आणि खुर्ची : गोठलेल्या पाण्यावर तोल शिकण्याचा इतिहास

सह्याद्रीत भोरच्या पश्चिमेला उगम पावून पुढे नीरा-नरसिंहपूर येथे भीमेला मिळणारी नीरा नदी बऱ्याच अंतरापर्यंत पुणे आणि सातारा या जिल्ह्यांची सीमा आखते, आणि या सीमेवर, नदीच्या दक्षिण अंगाला, खंडाळा तालुक्यातील शिरवळ हे जुने गाव वसलेले आहे. गावाजवळची बौद्ध लेणी, वाटसरूंसाठी उभारलेली दगडी पाणपोई आणि १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीत ज्याच्यासाठी झुंज झाली तो सुभानमंगळ हा नदीकाठचा भुईकोट, यांवरून या वाटेचे आणि या पाण्याचे महत्त्व किती जुने आहे ते ध्यानात येते. ही नदी उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात काठ सोडते, परंतु ती कधी गोठत नाही. कडाक्याच्या थंडीतही इथला पारा गोठणबिंदूच्या आसपास फिरकत नाही. तरीही बर्फावर घसरत चालण्याची विद्या, म्हणजे बुटाच्या तळाला पोलादी पाते बसवून गोठलेल्या पाण्यावरून वेगाने जाण्याची आइस स्केटिंग ही कला, माणसे कशी शिकत आली याचा विचार करताना नीरेच्या काठावरून आरंभ करणे सयुक्तिक ठरते, कारण ज्या पाण्यावर आपला भार टाकायचा त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा हा प्रश्न नीरेकाठच्या पोराला आणि हॉलंडमधील कालव्याकाठच्या पोराला सारखाच पडला होता, आणि दोघांच्या वडीलधाऱ्यांनी त्याची जी उत्तरे शोधली ती एकमेकांशी थक्क करण्याइतकी जुळतात.

सातारा-सांगली भागात पोहणे ही शाळेत शिकवण्याची गोष्ट नव्हती. ती नदीचा डोह, पाटाचे पाणी किंवा मळ्यातील विहीर यांच्या संगतीने लहानपणी अंगी मुरणारी गोष्ट होती. साताऱ्याजवळच्या लिंब येथील अठराव्या शतकातील बारा मोटांची विहीर हे या भागातील विहीरबांधणीचे सर्वांत देखणे उदाहरण मानले जाते, परंतु पोहायला शिकण्याच्या दृष्टीने तिच्याहून साध्या, एका बाजूने पायऱ्या उतरत गेलेल्या आणि दुसऱ्या बाजूने मोटेचे थारोळे असलेल्या शेकडो विहिरींनी अधिक मोठी कामगिरी केली. शिकवण्याची रीत ठरलेली होती. आतला गर काढून खडखडीत वाळवलेला दुधी किंवा तांबडा भोपळा, त्याचे तोंड राळेने अथवा मेणाने बंद करून, सुंभाच्या दोरीने मुलाच्या पाठीला किंवा कमरेला बांधला जाई. ज्यांच्याकडे भोपळा नसे ते पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका वापरीत, आणि पुढच्या काळात पत्र्याचा रिकामा डबा व त्याहीनंतर मोटारीच्या चाकाची फुगवलेली ट्यूब यांनी भोपळ्याची जागा घेतली. मूल पायरीवरून पाण्यात उतरे, हातपाय मारी, पाणी नाकात गेले की ओरडे, आणि काठावर बसलेला मामा किंवा चुलता दोरीचे दुसरे टोक हातात धरून त्याला विहिरीच्या मधोमध सोडत असे. दोन-चार दिवसांनी दोरी सैल होई. आठवड्याभराने भोपळा पाठीवरून सुटे. आणि एके दिवशी मूल थारोळ्यावरून मुटका मारी, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन सबंध अंगाने पाण्यात उडी टाकी.

भोपळ्याचे किंवा हलक्या लाकडांचे असे दोन-तीन नग एकत्र बांधून नदी उतरण्यासाठी केलेल्या तराफ्याला सांगड म्हणतात. कृष्णाकाठी आणि नीरेकाठी पूल होण्यापूर्वी माणसे, धान्याची पोती आणि प्रसंगी करडेही अशा सांगडीवरून पलीकडे जात, आणि दोन निराळ्या गोष्टी एकमेकींना जोडण्यास मराठीत ‘सांगड घालणे’ म्हणतात त्यातही हाच शब्द आहे. नवशिक्याला आधार देणारी वस्तू भाषेत इतकी खोलवर रुजावी, यावरून हे शिकणे लोकजीवनाच्या किती मध्यभागी होते ते कळते. या रीतीत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली होती: शिकणारा लहानच असणार. ज्याला मिसरूड फुटेपर्यंत पोहता येत नाही त्याच्याविषयी नदीकाठच्या गावात आश्चर्य व्यक्त होई, आणि वयाने वाढलेल्या माणसाला भोपळा बांधून पायरीवर बसण्याचा संकोच वाटे. बायकांना तर पाण्याची सर्व कामे करूनही ही विद्या बहुधा नाकारलीच गेली, आणि ही उणीव या परंपरेचे कौतुक करताना झाकून ठेवण्यासारखी नाही.

हॉलंड म्हणजे आजच्या नेदरलँड्सचा सखल प्रदेश. तेथील गावे रस्त्यांपेक्षा कालव्यांनी एकमेकांना जोडलेली होती, आणि थंडी पुरेशी पडली की हे कालवे गोठून त्यांचे रस्ते होत. बाजाराला, चर्चला, नातेवाइकांकडे जाण्यासाठी लोक लाकडी फळीत बसवलेले लोखंडी पाते वादीने जोड्याला बांधून त्यावरून जात. नवशिक्या मुलाला तिथे एक साधी, पाठ असलेली लाकडी खुर्ची दिली जाई. ही खुर्ची बर्फावर ठेवून तिची पाठ दोन्ही हातांनी धरायची आणि ती पुढे ढकलत आपण मागून घसरत जायचे. खुर्चीचे चार पाय बर्फावर टेकलेले असल्यामुळे मुलाचा तोल गेला तरी ते तोंडावर आपटत नाही, आणि खुर्ची पुढे सरकत असल्यामुळे पाय आपोआप लय पकडतात. काही दिवसांनी खुर्ची घरी राहते. भोपळा आणि खुर्ची यांचे काम एकच आहे: दोन्ही वस्तू शरीराला पडू देत नाहीत, परंतु शरीराच्या वतीने काम मात्र करीत नाहीत, आणि दोन्ही केव्हा काढून घ्यायच्या हे जाणणारे एक वडीलधारे माणूस काठावर असावे लागते. आजच्या रिंकवर, म्हणजे स्केटिंगसाठी तयार केलेल्या बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, लहान मुलांना प्लास्टिकचे पेंग्विन ढकलायला देतात. ती या खुर्चीचीच नातवंडे म्हणायला हवीत.

पोलादी पात्यापूर्वीचा काळ हाडांचा होता. घोड्याच्या किंवा गाईबैलांच्या पायाचे लांब हाड एका बाजूने घासून गुळगुळीत करावयाचे, ते पायाखाली बांधावयाचे आणि टोकाला लोखंड बसवलेल्या काठीने बर्फाला रेटा देत पुढे सरकायचे, अशी रीत उत्तर युरोपात फार प्राचीन काळापासून होती. बाराव्या शतकातील लंडनचे वर्णन करणाऱ्या विल्यम फिट्झस्टीफन या पाद्र्याने शहराच्या उत्तरेकडील गोठलेल्या दलदलीवर तरुण मुले अशी हाडे बांधून पक्ष्यांच्या वेगाने कशी जातात आणि एकमेकांवर काठ्या उगारताना हातपाय कसे मोडून घेतात ते नोंदवले आहे. हाडाला धार नसते, म्हणून हाडावर उभा असलेला माणूस पायाने स्वतःला ढकलू शकत नाही. त्याला काठी लागते. लोखंडी पात्याला कडा असतात, त्या कडा बर्फात रुतवून पाय बाजूला रेटता येतो, आणि म्हणून पाते आल्यावर काठी गळून पडली व दोन्ही हात मोकळे झाले. तेराव्या-चौदाव्या शतकात हॉलंडमध्ये घडलेला हा बदल दिसायला लहान आहे, परंतु स्केटिंग म्हणून आज जे काही शिकवले जाते ते सर्व त्या कडेपासून सुरू होते.

या कलेच्या इतिहासातील एक योगायोग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्केटिंगचे सर्वांत जुने ज्ञात चित्र म्हणजे १४९८ साली छापलेला एक लाकडी ठसा असून, तो स्खीदाम गावच्या लिडविना या स्त्रीच्या चरित्रात आहे. आणि त्या चित्रात जे दाखवले आहे ते पडणे आहे. १३९५ च्या सुमाराच्या हिवाळ्यात, पंधरा वर्षांची असताना, मैत्रिणींबरोबर बर्फावर गेलेली लिडविना धडक बसून कोसळली, तिची बरगडी मोडली, आणि त्यानंतरचे सर्व आयुष्य तिने अंथरुणावर काढले. पुढे तिला संतपद मिळाले आणि स्केटिंग करणारे तिला आपली रक्षणकर्ती मानू लागले. चित्रात एक मुलगी बर्फावर आडवी आहे, दोघी तिला सावरत आहेत, आणि मागून एक पुरुष एका पायावर भार टाकून सहज घसरत येत आहे. अभ्यासकांना या मागच्या माणसाचे महत्त्व अधिक, कारण त्याच्या पायांच्या ठेवणीवरून कडेवर भार टाकण्याची रीत त्या काळी रूढ होती असे अनुमान निघते; परंतु या विद्येच्या पहिल्याच चित्रात शिकलेला आणि पडलेला असे दोघेही एका चौकटीत आहेत, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

इंग्लंडमध्ये ही कला सतराव्या शतकात हॉलंडहून परतलेल्या राजघराण्याच्या मंडळींबरोबर प्रतिष्ठित झाली. तिच्यावरचे पहिले पुस्तक रॉबर्ट जोन्स या तोफखान्यातील अधिकाऱ्याने १७७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. पुस्तकातून शिकता येते ही कल्पनाच तोवर नवी होती, कारण कालव्याकाठच्या मुलाला पुस्तकाची गरज नसते; पुस्तक लागते ते वाढलेल्या वयात, कोणी मामा किंवा चुलता काठावर नसताना, शिकू पाहणाऱ्याला. एडिंबरो येथील स्केटिंग मंडळात प्रवेश मिळवण्यासाठी उमेदवाराला प्रत्येक पायावर एक पूर्ण वर्तुळ काढून दाखवावे लागे आणि मग बर्फावर ठेवलेली आधी एक, नंतर दोन, नंतर एकावर एक रचलेल्या तीन टोप्या उडी मारून ओलांडाव्या लागत. अशा मंडळांत स्त्रियांना आणि गरिबांना दार बंद होते. गाव जेव्हा आपली विद्या देत होते तेव्हा ती फुकट होती, मंडळाने ती हाती घेताच तिला वर्गणी आणि परीक्षा चिकटली, हा क्रम इतर अनेक खेळांच्या इतिहासातही दिसतो.

सातारा जिल्ह्यात नैसर्गिक बर्फाचा जो काही अनुभव मिळतो तो शिरवळपासून दोन घाट चढून गेल्यावर महाबळेश्वरात. साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधवून घेतलेल्या वेण्णा तलावाच्या काठी आणि तिथून लिंगमळ्यापर्यंतच्या खोलगट पट्ट्यात, डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र व निवांत रात्री, दवबिंदू गोठून त्यांचे हिमकण होतात. हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही हे घडते, कारण ढग नसलेल्या रात्री जमीन व पाने आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. पहाटे बोटीच्या जेटीच्या फळ्यांवर, उभ्या मोटारींच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. पर्यटक तो नखाने खरवडून ओंजळीत धरतात, शेतकरी मात्र पाने करपतील म्हणून काळजीत पडतात, आणि उन्हे आली की घटकाभरात सारे ओले होऊन जाते. तलावाचे पाणी तेवढ्याने गोठत नाही. माणसाचा भार पेलण्यासाठी किमान दहा सेंटिमीटर जाडीचा अखंड, घट्ट बर्फ लागतो, आणि हॉलंडच्या फ्रिसलंड प्रांतात १९०९ पासून होणारी, अकरा शहरांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत तर सबंध मार्गावर १५ सेंटिमीटर बर्फ असल्याशिवाय घेतली जात नाही. १९९७ नंतर तशी थंडी पडली नाही म्हणून ती झालेलीच नाही. जेटीच्या फळीवरचा तो कागदाएवढा थर आणि पंधरा सेंटिमीटरचा बर्फ यांच्यामधले अंतर हेच महाराष्ट्रात ही विद्या का उगवली नाही याचे साधे उत्तर होय.

बर्फ मात्र महाराष्ट्रात आला, आणि तो समुद्रमार्गे आला. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने न्यू इंग्लंडमधील तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात दाबून, जहाजाने उष्ण देशांत पाठवण्याचा व्यापार उभा केला; त्याचा माल १८३३ साली कलकत्त्यास उतरला आणि त्यानंतर लवकरच मुंबईतही पोहोचला, जिथे त्याच्या साठवणीसाठी जाड भिंतींचे बर्फघर बांधण्यात आले. ज्या तळ्यांवर अमेरिकेतील मुले हिवाळ्यात स्केटिंग शिकत होती त्यांचाच पृष्ठभाग चौकोनी तुकड्यांत कापला जाऊन मुंबईच्या पेल्यात विरघळत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने बर्फ करणे शक्य झाल्यावर हा व्यापार संपला, परंतु भुसा टिकला. पुणे-सातारा रस्त्यावरील रसवंतीगृहांत पुढे दीर्घकाळ बर्फाची लादी येत असे ती लाकडाच्या भुशात लोळवलेली आणि गोणपाटात गुंडाळलेली. रसवाला गोणपाट उलगडून टोच्याने तिचा कोपरा फोडी, आणि उरलेल्या लादीवर पुन्हा भुसा लोटून तिला झाकून ठेवी. मराठी माणसाच्या अनुभवातला बर्फ हा असा हातात धरायचा, फोडायचा आणि खायचा पदार्थ होता. ज्याच्यावर उभे राहायचे अशी जमीन तो कधीच नव्हता.

ती जमीन कारखान्यात तयार करता येईल हे ज्याने प्रथम सिद्ध केले तो माणूस गुरांचा डॉक्टर होता. जॉन गॅमगी या ब्रिटिश पशुवैद्याचे नाव १८६५ सालच्या बुळकांडीच्या साथीविषयी त्याने दिलेल्या इशाऱ्यांमुळे आधीच परिचित होते. बुळकांडी म्हणजे गुरांना होणारा तो जीवघेणा संसर्ग, ज्याने महाराष्ट्रातील दावणीही पिढ्यानपिढ्या रिकाम्या केल्या. दूरच्या देशांतून मांस न नासता कसे आणावे याचा शोध घेताना गॅमगीचे लक्ष गोठवण्याच्या यंत्रांकडे वळले, आणि त्यातून ७ जानेवारी १८७६ रोजी लंडनच्या चेल्सी भागात एका तंबूत त्याने ‘ग्लेशियारियम’ नावाचे लहानसे रिंक सुरू केले. काँक्रीटच्या थरावर माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्या यांचे थर घालून त्यांवर तांब्याच्या चपट्या नळ्या पसरल्या होत्या, त्या नळ्यांतून ग्लिसरीनमिश्रित थंडगार द्रव फिरवला जाई, आणि वर ओतलेले पाणी त्यामुळे गोठे. काही आठवड्यांतच ते पक्क्या इमारतीत हलवण्यात आले, परंतु वरची दमट हवा आणि बर्फ यांच्या भेटीतून उठणाऱ्या धुक्याने गिऱ्हाईक कंटाळले आणि हा उद्योग फार टिकला नाही. नीरेकाठच्या ज्या शिरवळात आज क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेथील विद्यार्थ्यांना बुळकांडीच्या इतिहासात भेटणारा हा माणूस जगातील पहिल्या यांत्रिक बर्फाच्या रिंकचा जनक होता, ही गोष्ट त्या गावात सांगितली गेली पाहिजे अशी आहे.

चाकांची कथा बर्फाच्या कथेला समांतर जाते. चाके लावलेले बूट घालून, व्हायोलिन वाजवीत लंडनच्या मेजवानीत शिरलेला आणि थांबता न आल्यामुळे मोठ्या आरशावर जाऊन आदळलेला जोसेफ मर्लिन याची अठराव्या शतकातील हकिकत सर्वत्र सांगितली जाते. त्याच्या बुटांना वळणही घेता येत नव्हते आणि थांबताही येत नव्हते. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन याने १८६३ साली ही अडचण दूर केली. चाकांच्या दोन जोड्या आणि बूट यांच्यामध्ये त्याने रबराची उशी बसवली, त्यामुळे पाय ज्या बाजूला कलेल त्या बाजूला चाके वळू लागली, आणि बर्फावरच्या कडेचे काम कोरड्या जमिनीवर करता येऊ लागले. प्लिम्प्टन हा फर्निचरचा व्यावसायिक होता. प्रकृतीला व्यायाम हवा म्हणून तो तिशी ओलांडल्यावर बर्फावरचे स्केटिंग शिकला होता, आणि उन्हाळ्यात सराव खंडित होऊ नये म्हणून त्याने हे चाक बनवले. स्वतः वाढत्या वयात शिकलेल्या माणसाने चाक केले आणि मग इतर वाढलेल्या माणसांना ते शिकवण्यासाठी रिंक काढले, वर्ग भरवले, स्केट भाड्याने दिले. स्त्रिया आणि पुरुष यांना एकत्र शिकण्याची मोकळीकही या रिंकनी दिली.

इथे या इतिहासातील मुख्य वळण येते. जोवर बर्फ निसर्गाच्या मर्जीवर आणि गावाच्या कालव्यावर होता, तोवर त्यावर चालणे हे चालायला शिकण्यासारखेच बालपणीचे काम होते, आणि प्रौढ नवशिका हा नीरेकाठच्या न पोहणाऱ्या प्रौढासारखाच अपवाद होता. यंत्राने गोठवलेला बर्फ आणि चाकांचे रिंक ज्या शहरांत गेले तिथे कोणालाच आधीपासून काही येत नव्हते. सात वर्षांचा मुलगा आणि चाळीस वर्षांचा बाप एकाच दिवशी, एकाच कठड्याला धरून, एकच गोष्ट शिकू लागले. कोणत्याही वयात शिकता येते ही कल्पना कोणा शिक्षणतज्ज्ञाच्या डोक्यातून निघालेली नसून ती तांब्याच्या नळ्यांनी आणि रबराच्या उशीने निर्माण केलेल्या परिस्थितीतून निघाली. पोहण्याच्या बाबतीतही पुढे हेच घडले: विहिरी बुजल्या किंवा त्यांच्यावर जाळ्या बसल्या, वीर धरणाच्या फुगवट्याने नीरेचे रूप बदलले, आणि पोहणे तरणतलावाच्या वेळापत्रकात गेले, पण त्याच तरणतलावावर सकाळच्या वेळी बायकांची तुकडी असते आणि तिच्यात पन्नाशीच्या नवशिक्या असतात, ही सोय भोपळ्याच्या काळात नव्हती.

प्रौढ वयात पाण्याशी नव्याने नाते जोडण्याचे या भागातील सर्वांत तेजस्वी उदाहरण सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे आहे. लष्करात मुष्टियोद्धा असलेले पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जबर जखमी झाले आणि त्यांच्या कमरेखालच्या शरीराने साथ सोडली. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी भारताला या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ज्या शरीराची जुनी ओळख पुसली गेली आहे त्या शरीराने पाण्यावरचा तोल पुन्हा पहिल्यापासून शोधणे, हे शिकण्याचे सर्वांत कठीण रूप होय.

बर्फावर नवशिक्याला काय शिकवतात ते पाहिले की या विद्येचा गाभा कळतो. बर्फ निसरडा असतो तो त्याच्या पृष्ठभागावर असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, द्रवासारख्या वागणाऱ्या पातळ थरामुळे. पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो हे जुने स्पष्टीकरण आता अपुरे मानले जाते. पात्याच्या तळाला लांबीच्या दिशेने एक उथळ पन्हळ असते आणि तिच्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. शिक्षक पहिल्या दिवशी पुढे जाणे शिकवीत नाही, तो पडणे शिकवतो: गुडघे मोडून खाली बसल्यासारखे व्हायचे, एका कुल्ल्यावर बाजूला टेकायचे, हात मागे टाकायचे नाहीत, कारण मागे टेकलेल्या हाताचे मनगट मोडते, आणि बोटे मुठीत घ्यायची, म्हणजे दुसऱ्याच्या पात्याखाली ती येत नाहीत. मग उठणे: दोन्ही गुडघ्यांवर यायचे, एक पाऊल हातांच्या मध्ये रोवायचे, दोन्ही तळहात त्या गुडघ्यावर दाबून वर यायचे. त्यानंतर जागच्या जागी पावले उचलणे, मग बदकासारखी पावले बाहेर वळवून चालणे, आणि चालता चालता एखाद्या पावलावर क्षणभर थांबून घसरू देणे. मोठ्या माणसाची अडचण बहुधा पायांत नसते, नजरेत असते. तो बुटांकडे पाहतो, मान खाली गेली की कंबर वाकते, कंबर वाकली की भार पात्याच्या पुढच्या टोकावर जातो आणि तो पडतो. मुलाला जमिनीपर्यंतचे अंतर थोडे असते म्हणून त्याला भीती कमी. मोठ्याला समजावून सांगितलेले कळते म्हणून त्याची प्रगती, एकदा भीती सरली की, पुष्कळदा मुलापेक्षाही नेटकी होते. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २००५ पासून जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे प्रौढांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू केली, आणि तिच्या वयोगटांचा आरंभ २८ वर्षांपासून होतो.

भारतात या कलेचे जुने घर सिमला. १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या आयरिश गृहस्थाने टेनिसच्या मैदानावर सांडलेले पाणी रात्रीत गोठलेले पाहून तिथे उघड्यावरचे रिंक सुरू केले, आणि ते आजही दर हिवाळ्यात संध्याकाळी पाणी शिंपडून तयार केले जाते. महाराष्ट्रात मात्र ही कला चाकांवरून आली. मुंबई, पुणे आणि सीमेपलीकडे बेळगाव येथे सिमेंटच्या गोलाकार मैदानांवर मुले रोलर स्केटिंग शिकली. मुंबईत गोराईच्या एस्सेलवर्ल्ड या करमणूक उद्यानातील कृत्रिम बर्फाच्या रिंकने सहलीला आलेल्या हजारो मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना आयुष्यातला पहिला बर्फ पायाखाली दिला, जरी तो तासाभराचा आणि कठडा धरून फिरण्यापुरता असला तरी. देशात आंतरराष्ट्रीय मापाचे बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनला बांधले गेले, पुढे ते अनेक वर्षे बंद राहिले आणि २०२५ मध्ये पुन्हा वापरात आले. बर्फ राखणे हे बर्फ करण्याइतकेच खर्चिक असते.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत हा इतिहास उलट्या दिशेने वाचायला मिळतो. कॅनडात ओटावा शहरातील रिडो कालवा १९७१ पासून हिवाळ्यात ७.८ किलोमीटर लांबीची स्केटिंगची वाट होतो, आणि टोरांटोच्या नगरभवनासमोरच्या चौकातील कुंडाचे दर हिवाळ्यात रिंक होते. पुणे-साताऱ्याकडून तिथे गेलेल्या आईबापांची मुले शाळेतून शिकून येतात, आणि मग एखाद्या रविवारी आईबाप भाड्याचे बूट चढवून कठड्याला चिकटतात. इथे काठावर उभे राहून ‘गुडघे वाक, वर बघ’ असे सांगणारे वडीलधारे माणूस सहा वर्षांचे असते.

महाराष्ट्रातील स्पर्धक आज ज्या बर्फावर उतरतात तो मुख्यतः लडाखचा आहे. २०२० पासून होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचे स्केटिंगचे सामने लेह येथे, एनडीएस स्टेडियममध्ये आणि गुपुख्स तळ्यावर होतात, आणि सिमेंटवर चाकांनी तयार झालेल्या महाराष्ट्राच्या मुलामुलींनी तिथे पदके मिळवली आहेत. साडेतीन हजार मीटर उंचीवर पोहोचल्यावर आधी श्वास जुळवावा लागतो आणि मग पाय. रेटा, लय आणि वळणावर आत झुकणे हे सारे चाकांवरून बर्फावर जसेच्या तसे येते. थांबणे येत नाही. चाकावर टाच दाबून किंवा पाय आडवा ओढून थांबण्याची सवय असते, बर्फावर दोन्ही पाती एकदम आडवी करून वरचा थर खरवडावा लागतो, आणि त्यासाठी भार नेमका किती द्यायचा हे सांगता येत नाही, पडूनच कळते. म्हणून पहिल्या सकाळी, उन्हे तळ्यावर येण्यापूर्वी, राज्यपातळीवर जिंकून आलेली ही मुले तळ्याच्या कडेला जातात, हातमोजे आवळतात, आणि गुडघे मोडून एका कुल्ल्यावर पडण्याचा सराव करतात.